विदर्भांतील शिलावर्तुळें

नागपूरच्या पश्चिमेस, काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी नांवाचें एक ठिकाण आहे. तेथील जमीन खडकाळ व मुरमाड. मधूनमधून पळसाचीं व बोरीचीं झुडुपें, आणि पावसाळा सरला कीं पिवळें पडणारें गवत. ह्या माळावर काळ्या धोंड्यांचीं वर्तुळें पसरलेलीं आहेत. दहा नव्हेत, वीस नव्हेत, तर सुमारें तीनशें. कांहींचा व्यास पंधरावीस फुटांचा, तर कांहींचा पन्नास फुटांच्या घरांतला. मोठमोठे धोंडे एकमेकांस लगटून गोलाकार मांडलेले, आणि आंतील जमीन भोवतालच्या जमिनीहून किंचित् उंच, पालथ्या ताटासारखी फुगीर. ज्यास ठाऊक नाहीं असा मनुष्य त्यांमधून सरळ चालत जाईल. शेतांतून वेचून टाकलेल्या दगडांपलीकडे त्याच्या दृष्टीस कांहीं पडणार नाहीं. परंतु एका वर्तुळावर नजर स्थिरावली कीं दुसरें दिसूं लागतें, मग तिसरें. आणि अर्ध्या घटकेंत त्याच्या ध्यानांत येतें कीं आपण एका विस्तीर्ण श्मशानांत उभे आहोंत.

हें एकच ठिकाण नाहीं. माहुरझरी, टाकळघाट, खापा, हिंगण्याजवळील रायपूर, पेंच नदीच्या कांठचें नैकुंड, भागीमोहरी, वर्धा जिल्ह्यांतील खैरवाडा अशीं कितीतरी नांवें घेतां येतील. मोठमोठ्या शिळांनीं उभारलेल्या अशा स्मारकांस शास्त्रज्ञांनीं ‘महाश्म’ असें नांव दिलें आहे. दक्षिण भारतांत तीं विपुल आहेत, आणि त्यांचे प्रकारही अनेक आहेत. कोठें चार उभ्या शिळांवर पांचवी आडवी शिळा ठेवून दगडी खोलीच केलेली असते. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यांतील हिरापूर येथें हा प्रकार पाहावयास मिळतो. पश्चिम महाराष्ट्रांत महाश्म फार तुरळक. विदर्भ मात्र त्यांनीं भरलेला आहे, आणि विदर्भाचा खास प्रकार म्हणजे हें शिलावर्तुळ.

अपरिचित वास्तु दृष्टीस पडली कीं ती कशी बांधली असेल ह्याचा विचार करण्याआधीं ती कोणी बांधली हें जाणून घेण्याची घाई मनुष्यास होते. ह्या वर्तुळांच्या बाबतींतही तसेंच झालें. विदर्भांतील खेडुतांनीं तीं गवळ्यांचीं मानलीं. गुरें घेऊन फिरणाऱ्या कोण्या एके काळच्या गवळी राजांचे हे जुने तळ, अशी समजूत होती. मलबारांत अशाच थडग्यांस लोक पांडु-कुळी म्हणत, म्हणजे पांडवांचे खळगे. बॅबिंग्टन नांवाच्या एका इंग्रज गृहस्थानें त्यांचें केलेलें वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत १८२३ मध्यें छापलें गेलें. भारतीय महाश्मांविषयीं छापून निघालेल्या अगदीं पहिल्या लिखाणांपैकीं तें एक होय. कर्नाटकांत दगडी खोल्यांचीं बुटकीं दारें पाहून लोकांनीं खुज्या माणसांची एक जातच कल्पिली आणि त्या खोल्यांस मोऱ्यांचीं घरें असें नांव दिलें. आपल्या देशांत ज्या वास्तूचा कर्ता सांपडत नाहीं ती पांडवांच्या नांवावर चढविण्याचा प्रघात जुनाच आहे. वनवासाच्या बारा वर्षांत त्या पांच भावांनीं जितकीं लेणीं खोदलीं असें सांगतात तितकीं खोदावयास बारा जन्मही पुरले नसते.

पण विद्वानांनीं तरी काय वेगळें केलें? सुरापूर संस्थानाचा कारभार पाहणारे मेडोज टेलर हे ‘एका ठगाची जबानी’ लिहिणारे म्हणून आपणांस परिचित आहेत. १८५० च्या सुमारास त्यांनीं भीमेकांठीं जेवरगी येथें कांहीं थडगीं उकरलीं, आणि वरपासून खालपर्यंत कापलेल्या थरांचें चित्र इतक्या काळजीनें काढलें कीं शंभर वर्षांनंतर मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या कसलेल्या उत्खननकारानेंही त्याची वाखाणणी केली. असें निर्मळ निरीक्षण करणाऱ्या ह्याच टेलरसाहेबांनीं आपल्या निबंधाच्या मथळ्यांत मात्र ह्या वास्तूंस केल्टिक, ड्रुइडांच्या अथवा शकांच्या म्हटलें. आपल्या मायदेशीं पाहिलेल्या शिळा त्यांस येथें भेटल्या, एवढाच ह्याचा अर्थ. मध्यप्रांत व वऱ्हाड येथें कापसाचे कमिशनर म्हणून काम केलेले रिव्हेट-कार्नाक यांनीं जुनापाणीच्या वर्तुळांचा वृत्तांत १८७९ मध्यें प्रसिद्ध केला. तेथील कांहीं शिळांवर कोरलेले वाटीएवढे उथळ खळगे पाहतांच त्यांस उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडमधील खडकांवरचे तसेच खळगे आठवले. आणि मध्य आशियांतून निघालेल्या एकाच भटक्या वंशाची एक शाखा युरोपांत व दुसरी भारतांत गेली असावी, असा तर्क त्यांनीं बांधला. तर्क मोठा मोहक आहे. परंतु इंग्लंडांतील स्टोनहेंजच्या प्रचंड शिळा इ. स. पूर्वीं २५०० च्या सुमारास उभ्या झाल्या, आणि विदर्भांतील वर्तुळें त्यानंतर सुमारें पावणेदोन हजार वर्षांनीं. इतका काळ कोणतीही टोळी वाटेंत घालवीत नाहीं. जेथें धोंडे विपुल आहेत आणि मृताची जागा राखून ठेवण्याची इच्छा आहे, तेथें धोंडे गोलाकार मांडण्याची कल्पना सुचावयास कोणाची शिकवण लागत नसावी.

ह्या संशोधनाच्या आरंभाशीं एक मृत्यूही निगडित आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्यें नागपुरास आले. व्यवसायानें मिशनरी, पण वृत्तीनें भूगर्भशास्त्रज्ञ. खडकांतील जीवाश्म वेंचावे, खनिजें पारखावीं, गोंडांचीं गाणीं टिपून घ्यावीं, असा त्यांचा क्रम होता. सप्टेंबर १८६३ मध्यें मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहावयास गेले होते. परततांना पावसानें फुगलेला नाला ओलांडीत असतां ४ सप्टेंबर रोजीं त्यांस जलसमाधि मिळाली. त्यांचे मागें राहिलेले कागद टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापून काढले. नागपूरच्या कॉलेजामुळें त्यांचें नांव तेथील मुलांच्या तोंडीं आहे. टाकळघाटच्या नाल्याची आठवण मात्र फारशी कोणास नसते.

त्यानंतरची पन्नाससाठ वर्षें ही कुतूहलाची होतीं, शास्त्राची नव्हतीं. लष्करी व मुलकी अधिकारी सुट्टीच्या दिवशीं मजूर लावीत, वर्तुळाच्या मध्यभागीं खड्डा घेत, लोखंडाचीं हत्यारें व मडकीं बाहेर काढीत, आणि जें आवडेल तें घेऊन जात. कोणती वस्तु कोणत्या थरांत होती, मडक्याचें तोंड कोणीकडे होतें, हाड वर होतें कीं खालीं, ह्यांची नोंद क्वचितच होई. अशा खणण्यानें वस्तु मिळतात, पण वस्तूंचा परस्परसंबंध कायमचा नाहींसा होतो. आणि इतिहास असतो तो त्या संबंधांत. १९४७ मध्यें व्हीलर यांनीं म्हैसूरकडील ब्रह्मगिरी येथें शिस्तशीर उत्खनन केलें, तेव्हां दक्षिणेंतील महाश्मांचा काळ थरांच्या आधारानें ठरविण्याचा पहिला भरीव यत्न झाला. विदर्भांत १९६१ मध्यें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीनें बा. कृ. थापर यांनीं जुनापाणीचीं कांहीं वर्तुळें उकललीं. आणि ज्या टाकळघाटच्या वाटेवर हिस्लॉप बुडाले, तेथें एकशेंपांच वर्षांनीं, १९६८ मध्यें, नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनीं कुदळ मारली. पुढें माहुरझरी व नैकुंड हीं ठिकाणेंही त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खणलीं. विदर्भाच्या ह्या लोकांविषयीं आज आपणांस जें निश्चित ठाऊक आहे त्याचा बराच मोठा भाग ह्या दहाबारा वर्षांच्या श्रमांचा आहे.

आतां वर्तुळाच्या पोटांत काय असतें तें पाहूं. प्रथम मोकळ्या, निचऱ्याच्या जागेंत शिळांचें कडें रचीत. कधीं एकेरी, कधीं दुहेरी. ह्या शिळा काळ्या पाषाणाच्या, म्हणजे तेथल्याच. पण त्यांतील कित्येक एकट्यादुकट्यास हालवितां येणार नाहींत एवढ्या मोठ्या. मध्यें मृताचे अवशेष ठेवीत. पुष्कळ ठिकाणीं पुरा सांगाडा सांपडत नाहीं; थोडींशीं हाडेंच मिळतात. त्यावरून असें दिसतें कीं देह दुसरीकडे ठेवून किंवा पुरून, कांहीं काळानें उरलेल्या अस्थि येथें आणीत असावेत. माहुरझरीस मात्र आखे सांगाडेही मिळाले आहेत. अवशेषांभोंवतीं मडकीं, हत्यारें व अलंकार मांडीत. आणि मग वर चिकट काळी माती घालीत. ही माती त्या माळावरची नव्हे. मुरमाच्या जमिनींत ती मिळत नाहीं. नदीनाल्याच्या कांठावरून ती डोक्यावरून वाहून आणावी लागे. सर्वांवर लहानमोठ्या दगडगोट्यांचा थर. एका मनुष्याच्या मूठभर अस्थींसाठीं किती पाट्या माती वाहिली असेल ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें मनाशीं करून पाहावा. असें काम एका कुटुंबाचें नव्हे. तेथें गांव गोळा होत असला पाहिजे.

आणि ज्या वस्तु त्यांनीं मातीखालीं घातल्या त्या टाकाऊ नव्हत्या. काळ्यातांबड्या रंगाचीं, चाकावर घडविलेलीं, गुळगुळीत भांडीं. आंतून व कांठाशीं काळीं, खालीं तांबडीं. तांब्याचीं झांकणाचीं पात्रें, त्यांच्या झांकणावर कळीच्या किंवा पक्ष्याच्या आकाराची मूठ. सोन्याचे थोडे पण नाजुक अलंकार. अकीक व इतर रंगीत खड्यांचे मणी. माहुरझरी हें तर मणी घडविण्याचें मोठें केंद्रच होतें. पण सर्वांत अधिक लोखंड. छिन्न्या, वांकस, भाल्यांचीं व बाणांचीं टोकें, तांब्याच्या मुठीचे खंजीर, आणि विदर्भाची म्हणून ओळखली जाणारी एक विशिष्ट कुऱ्हाड. ह्या कुऱ्हाडीस दांडा घालावयास भोंक नाहीं. पातें दांड्याच्या फटींत बसवून वरून लोखंडी पट्ट्या आडव्या वळवून आवळलेल्या असतात. भोंक पाडण्याची युक्ति साधली नसतां पातें सुटूं नये म्हणून लोहारानें शोधलेला हा मार्ग आहे, आणि तो चांगला टिकाऊ आहे. कांहीं हत्यारांची तपासणी केली असतां त्यांच्या धारेचें लोखंड कर्बाच्या योगें मुद्दाम कठीण केलेलें आढळलें. म्हणजे लोखंड वितळविणें, ठोकणें येथवरच त्यांची विद्या थांबलेली नव्हती. पोलादाच्या वाटेस ते लागले होते.

परंतु श्रोते हो, ह्या सर्वांहून अधिक विचार करावयास लावणारी वस्तु म्हणजे घोडा. माहुरझरी, खापा, रायपूर अशा ठिकाणीं मनुष्याच्या अवशेषांबरोबर घोड्याचीं हाडें पुरलेलीं सांपडलीं. त्याबरोबर लगामाचीं लोखंडी कडियाळीं, आणि घोड्याच्या मस्तकावर बांधावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार. हे पत्रे चामड्यावर बसविलेले असत. चामडें कुजून गेलें, पण पत्र्यावरची नक्षी व उठावाचे गोल शाबूत राहिले. हा साज ओझें वाहणाऱ्या तट्टाचा नव्हे. कोणाच्या तरी मिरवणुकीचें, कोणाच्या तरी मानाचें तें जनावर होतें. कांहीं घोड्यांच्या हाडांवर हत्याराच्या घावांच्या खुणाही आढळल्या आहेत; म्हणजे धनी गेला तेव्हां त्याचा घोडाही मारून त्याबरोबर दिला गेला.

ही गोष्ट आपण क्षणभर त्या लोकांच्या बाजूनें पाहूं. विदर्भ ही घोड्यांची मायभूमि नव्हे. येथें घोडा आणावा लागतो, आणि आणलेला जपावा लागतो. पुढच्या काळांत दख्खनच्या सुलतानांनीं समुद्रापलीकडून घोडे आणविण्यासाठीं किती पैसा ओतला, आणि भीमथडीच्या तट्टांनीं मराठ्यांचें राज्य कसें वाहून नेलें, हें आपणांस ठाऊक आहे. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं, जेव्हां वाटा आणखी बिकट होत्या, तेव्हां एका घोड्याचें मोल काय असेल? तो घोडा विकतां आला असता, मुलास देतां आला असता, शेजारच्या गांवाशीं झालेल्या तंट्याच्या भरपाईंत घालतां आला असता. तसें न करतां त्याच्या कपाळावर तांब्याचा साज बांधून त्यास मारलें, आणि काळ्या मातीखालीं झांकलें. जी श्रद्धा असा खर्च करावयास लावते तिचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, पण तिचें वजन मात्र ह्या हाडांवरून कळतें.

घोडा सांपडला आणि पुन्हां तर्कांचें पीक आलें. कोणास अश्वमेधाची आठवण झाली, कोणी ह्या लोकांस आर्य ठरविलें, कोणी द्रविड. लेश्निक नांवाच्या संशोधकानें १९७४ मध्यें एक जाडा ग्रंथ लिहून दक्षिणेंतील महाश्म म्हणजे मध्य आशियांतून आलेल्या भटक्या घोडेस्वारांचीं थडगीं, असें प्रतिपादन केलें. कापसाच्या कमिशनरसाहेबांचें मत शंभर वर्षांनीं नव्या पोशाखांत परत आल्यासारखें वाटतें. माझ्या मतें ह्या सर्व मतांत एक दोष सारखा आहे. तीं थडग्यांवरूनच मनुष्य ओळखूं पाहतात. मनुष्य थडग्यांत एकदांच जातो. त्याआधीं तीसचाळीस वर्षें तो कोठेंतरी राहतो, पेरतो, जेवतो, भांडतो. तें ठिकाण कोठें आहे?

हा प्रश्न पुष्कळ काळ कोणी नीटपणें विचारला नव्हता, ह्याचें आश्चर्य वाटतें. वर्तुळें डोळ्यांत भरतात, आणि पांढरीच्या टेंकाडाकडे कोणी पाहात नाहीं. टाकळघाटास डॉ. देव यांनीं थडग्यांच्या जोडीस मुद्दाम वस्तीचें टेंकाडही खणलें. तेथें तींच काळींतांबडीं खापरें, तेंच लोखंड निघालें. घर आणि श्मशान एकमेकांस प्रथमच जोडलें गेलें. त्याहून मोठें फळ मिळालें तें नैकुंडास. १९७७ ते १९८० ह्या काळांत डॉ. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां वस्तींत लोखंड गाळण्याची एक भट्टी मिळाली. बांकदार विटांनीं बांधलेली लहानशी गोल भट्टी. भात्याचा वारा आंत सोडण्यासाठीं मातीच्या भाजलेल्या नळ्या. आणि शेजारीं लोखंडाचा मळ. पेंचेच्या कांठीं, इ. स. पूर्वीं सातव्या शतकाच्या सुमारास, येथें लोहार काम करीत होता. ज्या कुऱ्हाडी थडग्यांत सांपडतात त्या दूरच्या कोण्या टोळीनें घोड्यांवरून आणल्या असें मानण्याचें कारण आतां उरलें नाहीं. वस्तीच्या मातींत जळके दाणेही मिळाले. तांदूळ होता, जव होता, डाळीचीं धान्यें होतीं. म्हणजे हे लोक नुसतीं गुरें घेऊन हिंडणारे गवळी नव्हते, आणि नुसते घोडेस्वारही नव्हते. ते शेती करीत, गुरें राखीत, धातु गाळीत, मणी घडवीत. आणि त्यांच्यांतील कांहीं जण घोड्यावर बसत.

कांहीं जण, असें मी मुद्दाम म्हटलें. वर्तुळांची संख्या पाहिली कीं एवढा मोठा लोकसमूह कसा काय, असें प्रथम वाटतें. पण तीं वर्तुळें कांहीं शतकांच्या अवधींत हळूहळू वाढत गेलीं हें लक्षांत घेतलें, तर उलट वाटूं लागतें. एवढ्या पिढ्यांतील सगळे मृत येथें नाहींत. काळी माती वाहणारा मजूर, भाता ओढणारा पोर, भात लावणारी बाई ह्यांस वर्तुळ मिळालें असेल असें दिसत नाहीं. थडग्याथडग्यांतही भेद आहे. कोठें घोडा, तांबें व सोनें, तर कोठें चार मडकीं आणि एक छिन्नी. ह्या समाजांत लहानथोर पडलेले होते, ह्याविषयीं शंका नको.

काळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ब्रह्मगिरीच्या उत्खननावरून व्हीलर यांनीं दक्षिणेंतील महाश्मांचा काळ इ. स. पूर्वींचें दुसरें शतक ते इ. स. चें पहिलें शतक असा लाविला होता. त्यावेळीं हातीं असलेल्या साधनांवरून तो योग्यच होता. पुढें कोळशांतील कर्बावरून वय मोजण्याची रीत निघाली, आणि हा काळ बराच मागें गेला. कर्नाटकांतील हल्लूर येथें लोखंडाचा काळ इ. स. पूर्वीं १००० च्या आसपास गेला. विदर्भांतील वर्तुळें सर्वसाधारणपणें इ. स. पूर्वीं ८०० ते ४०० ह्या दरम्यानचीं मानतात. म्हणजे अशोकाचे शिलालेख कोरले जाण्यापूर्वीं, विदर्भांत नगरें उभीं राहण्यापूर्वींचा हा काळ. ज्यास आपण इतिहासाचा उंबरठा म्हणतों त्याच्या बाहेर हे लोक उभे आहेत. आंतल्यांनीं लिहून ठेवलेल्या शब्दांत त्यांचा उल्लेख ओळखतां येत नाहीं.

येथें पश्चिम महाराष्ट्रांतल्या एका गांवाशीं तुलना केल्यावांचून राहावत नाहीं. पुणें जिल्ह्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून कित्येक वर्षें उत्खनन झालें. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ति इ. स. पूर्वीं १६०० च्या सुमारास वसली आणि ७०० च्या सुमारास मोडली. म्हणजे तिच्या अखेरीस विदर्भांत वर्तुळें रचण्यास आरंभ झाला होता. इनामगांवचे लोक आपले मृत घराबाहेर जाऊं देत नसत. मूल गेलें तर दोन रांजणसारखीं मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेवीत, त्यांत त्या मुलास घालीत, आणि घराच्या जमिनीखालींच तीं पुरीत. मोठ्या माणसास पुरतांना घोट्याखालीं पावलें तोडीत. तो उठून निघून जाऊं नये, असाच त्याचा हेतु असावा असें पुष्कळ विद्वान समजतात. एकीकडे आई चुलीपाशीं बसली असतां तिचें मूल हातभर खालीं निजलेलें. दुसरीकडे अस्थि गांवाबाहेर माळावर नेऊन त्यांभोंवतीं धोंड्यांचें कडें घालावयाचें. शंभराहून अधिक कोसांच्या अंतरावर मृतांशीं वागण्याच्या अशा दोन रीति जवळजवळ एकाच सुमारास चालू होत्या. ‘प्राचीन महाराष्ट्रीय’ असा एकच मनुष्य कल्पून त्याचें चित्र रंगविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शिळांवरील त्या खळग्यांचें काय, असें कोणी विचारील. जुनापाणीच्या कांहीं शिळांवर ते ओळींनीं कोरलेले आहेत, हें वर आलेंच आहे. अलीकडे खगोलशास्त्राच्या कांहीं अभ्यासकांनीं मोजमापें घेऊन असें सुचविलें आहे कीं खळग्यांच्या शिळा वर्तुळावर वाटेल तेथें बसविलेल्या नसून ठराविक दिशांस आहेत, आणि त्यांचा सूर्याच्या उगवतीमावळतीशीं संबंध असावा. ही सूचना विचारार्ह आहे. पण धोंडे पडतात, ढकलले जातात, गुरें त्यांवर अंग घासतात. अडीच हजार वर्षांनंतर प्रत्येक शिळा मूळ जागींच आहे असें धरून गणित करणें धोक्याचें. थोडींच वर्तुळें मोजलीं गेलीं आहेत. अधिक मोजलीं जावोत, मग बोलूं.

मृतांसाठीं शिळा उभी करण्याची चाल विदर्भाच्या आसपास अगदीं निमालेली नाहीं. बस्तरांतील माडिया गोंडांच्या अशा शिळांचें वर्णन ग्रिगसन यांनीं १९३८ मध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत केलें आहे. शिळा आणण्यास गांव जमतो, जनावर मारलें जातें, जेवण होतें. हें वाचतांना जुनापाणीच्या माळावर जमलेली माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात, हें खरें. परंतु त्यावरून माडिया म्हणजेच त्या वर्तुळकारांचे वंशज असें म्हणणें हा पुन्हां तोच घाईचा रोग होय. दोहोंच्या मध्यें कमीतकमी तेवीसशें वर्षांचें अंतर आहे, आणि तें भरून काढणारा पुरावा नाहीं.

आणि पुरावा दिवसेंदिवस कमी होत आहे. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट इत्यादि कित्येक ठिकाणें पुरातत्त्व खात्यानें संरक्षित म्हणून जाहीर केलीं आहेत. पण वर्तुळें मैलच्या मैल पसरलेलीं असतात, आणि फलक एका ठिकाणीं असतो. नागपूर शहर चोहोंकडे वाढत आहे. रस्त्याच्या खडीस काळा दगड लागतो, आणि वर्तुळाचा दगड हा आयता उकरून ठेवलेला दगड; खाणींतून फोडावा लागत नाहीं. नांगर लागूं नये म्हणून शेतकरी धोंडे बांधावर लोटतो, त्यास दोष देववत नाहीं. पूर्वीं बैलांस जे धोंडे हालत नसत ते आतां यंत्र एका दिवसांत काढून टाकतें. धोंड्यांचें कडें गेलें कीं खालीं थडगें होतें ही खूणच पुसली जाते. मग काळ्या मातीचा तो ढीग म्हणजे शेतांत पसरावयाची उत्तम माती एवढेंच उरतें, आणि तिच्याबरोबर खापरें, हाडें, कडियाळीं शेतभर विखुरतात. वस्तीच्या टेंकाडांचीही तीच गत. पांढरीची माती घरें लिंपावयास व खतास चांगली म्हणून गांवोगांव पिढ्यान्‌पिढ्या ती खणून नेतात. नैकुंडच्या भट्टीसारखी एखादी भट्टी अशा मातीबरोबर कोण्या भिंतींत लिंपली गेली असल्यास ती आतां कोणास सांपडावयाची नाहीं.

वर्धा जिल्ह्यांतील खैरवाड्याच्या माळावर हजारावर वर्तुळें आहेत. त्यांपैकीं बोटांवर मोजण्याइतकींच उकललीं गेलीं. बाकीच्यांच्या पोटांत काय आहे, कोणत्या क्रमानें आहे, किती घोडे आहेत आणि किती नुसतीं चार मडकीं, हें अजून काळ्या मातीखालीं जसेंच्या तसें आहे; निदान ज्या वर्तुळांचे धोंडे आपल्या जागीं आहेत त्यांत तरी.